तुळजाक्काचा टर्बो

यशवंतपूरला मालगाड्यांच्या रुळांमागे एक अरुंद गल्ली आहे. तिथल्या एका घराच्या वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने आहे असं कळलं म्हणून मी स्कूटरवरून बघायला गेले, तेव्हा फाटकात एक उंच, काटक बाई उभ्या होत्या. सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, कानांत मोत्याच्या कुड्या. मी स्कूटर बंद करून नमस्कार केला. त्यांनी तो घेतलाच नाही. मान तिरकी करून त्या स्कूटरच्या दिशेने कान लावून उभ्या होत्या. बंद झालेल्या स्कूटरमध्ये ऐकण्यासारखं काय असतं, मला कळेना.

"पुढच्या चाकाचं बेअरिंग संपलंय तुझं," त्या म्हणाल्या. "जाताना स्वल्प हळू जा. ये, आत ये."

स्वल्प म्हणजे थोडं, हे मला नंतर कळलं. सांगलीहून येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने चाक उघडलं आणि बेअरिंगच्या गोळ्यांचा चुरा माझ्या तळहातावर ठेवला. "मॅडम, हे घेऊन तुम्ही हेब्बाळपर्यंत गेलात?" त्याने विचारलं. मी त्याच संध्याकाळी खोली पक्की केली.

त्या बाई म्हणजे तुळजाक्का. त्यांचं घराणं कधीतरी शेकडो वर्षांपूर्वी कुणा सरदाराबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं असे की ते वेगळं काढता येत नसे. त्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होत्या. विमानांची इंजिनं तयार झाली की एका बंद खोलीत बांधून पूर्ण ताकदीने चालवून बघतात. जाड काचेच्या अलीकडे बसून ती तपासणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्या कामात डावा कान गेला. उजव्याला मात्र जरा जास्तच ऐकू येऊ लागलं, असं त्या स्वतःच म्हणत, आणि सांगताना हसत नसत.

त्यांच्याकडे एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचं टोक यंत्रावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून त्या डोळे मिटत. पाण्याचा पंप, फ्रिज, गल्लीतल्या लोकांच्या मोटरसायकली, सगळ्यांवर हा प्रयोग होई. एकदा समोरच्या घरातल्या नारळाच्या झाडाला त्यांनी तो टेकवला. झाड जोमात होतं, नारळांनी लगडलेलं. बराच वेळ ऐकून अक्का घरमालकाला म्हणाल्या, "आत खातायत. पाडून टाक." तो हसला. "अक्का, यंदाइतके नारळ कधी लागले नव्हते!" पुढच्या महिन्यात वारा नसलेल्या एका सकाळी झाड मधोमध मोडून अंगणात आडवं झालं. खोडाच्या आत अळ्यांनी नुसता भुसा करून ठेवला होता. त्यानंतर तो माणूस अक्का दिसल्या की रस्ता बदलू लागला.

"बिघडायच्या आधी आवाज गोड होतो," अक्का म्हणत. "लोकांना वाटतं खडखड म्हणजे वाईट. खडखड बरी. ज्या इंजिनाचं पातं तुटलं ना आमच्याकडे, ते त्या दिवशी वीणेसारखं चाललं होतं. मी काचेमागे बसून म्हटलं, किती छान. आणि मग काचच राहिली नाही."

याहून जास्त त्या प्रसंगाबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. त्यांच्या डाव्या गालावर बारीक पांढऱ्या रेषा होत्या. ऊन तिरकं पडलं की त्या दिसत.

खालच्या मजल्यावर अक्कांबरोबर त्यांचा धाकटा भाऊ राहत असे. खंडूअण्णा. ते एका शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. मी राहायला गेले त्याच्या आधीपासून अण्णांची फुफ्फुसं कडक होत चालली होती. खोलीत पलंगाशेजारी हवेतून प्राणवायू वेगळा करून देणारं एक यंत्र दिवसरात्र चाले. त्याची पातळ नळी अण्णांच्या नाकात. यंत्र एक लांब उसासा टाके, क्षणभर थांबे, मग दुसरा. फरशीतून तो आवाज वर माझ्या खोलीत येई, आणि काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की झोपताना मीही त्याच ठेक्यात श्वास घेतेय. अक्कांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "घरातलं सगळंच घेतं गं. भांडीसुद्धा."

अंगणात पत्र्याखाली अण्णांची गाडी उभी असे. जुनी, चौकोनी, डिझेलवरची. दरवर्षी ते तिच्यातून नंदीच्या डोंगरावर जात आणि चित्रं काढत. गाडी म्हातारी झाली तशी शेवटच्या चढावर दमू लागली; मग बाकीच्यांनी खाली उतरायचं, चालत वर जायचं, आणि अण्णांनी रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये ढकलत न्यायची. आता तर अण्णांना पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चालवत नव्हतं.

एका सकाळी ते बहिणीला म्हणाले, "अक्का, एकदा वर जायचं होतं. गाडीतून. न उतरता."

"टॅक्सीने नेऊ या ना," मी नंतर अक्कांना म्हटलं.

"त्याला डोंगर बघायचा नाहीये," त्या म्हणाल्या. "त्याला ती गाडी चढताना बघायचीय."

आणि त्यांनी गाडीला टर्बो बसवायचं ठरवलं.

मला टर्बो म्हणजे गाडीच्या मागे लिहिलेला एक शब्द एवढंच ठाऊक होतं. अक्कांनी स्वयंपाकघरात दोन वाट्या उपड्या ठेवून समजावलं. इंजिनातून जो गरम धूर बाहेर जातो त्याच्या जोराने एक भिंगरी फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरी भिंगरी असते, ती बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त जाळ, जास्त ताकद. "म्हणजे सोडलेल्या श्वासावर पुढचा श्वास घ्यायचा," त्या म्हणाल्या. आतल्या खोलीत यंत्राने उसासा टाकला.

टर्बो आणायला त्या मला घेऊन भंगारबाजारात गेल्या. दुकानदार ओळखीचा होता. त्याने अपघातातल्या गाड्यांमधून काढलेले टर्बो ओळीने मांडले. अक्कांनी एकेकाची भिंगरी बोटाने फिरवली, कान जवळ नेला, आणि ती थांबेपर्यंत ऐकलं. हा नको. हाही नको. शेवटच्याला त्यांनी टिचकी मारली तर तो फिरतच राहिला. आवाज जवळजवळ नव्हताच. दुकानातला पंखा, बाहेरचे टेम्पो, सगळं ऐकू येत होतं. ही भिंगरी मात्र गुपचूप फिरत होती. मग एका जागी हलकेच डोलली आणि थांबली.

"अक्का, तो जरा..." दुकानदार घुटमळला. "त्या गाडीतल्या माणसाचं काय झालं सांगू का?"

"बेडा," अक्का म्हणाल्या. नको. "बांधून दे."

काम बरेच महिने चाललं. अक्कांना वाटलं होतं तितकं ते सोपं निघालं नाही. वेल्डरने धुराच्या वाटेसाठी केलेला लोखंडी जोड तापून तडकला, दुसरा करावा लागला. हवेच्या रबरी नळ्या दाबाने सटकत. खिडकीतून अण्णा बघत आणि कागदावर गाडीची चित्रं काढत. हातात पाना घेतलेल्या अक्का, बॉनेटखालून बाहेर आलेले कॅनव्हासचे बूट. टर्बोला तेल लागतं. दांडा इतका वेगाने फिरतो की तेलाच्या पातळ थरावर तो तरंगत असतो. ते तेल इंजिनाच्या दाबाने आत येतं, पण परत जाताना फक्त स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं. परतीच्या नळीच्या वाटेत स्टिअरिंगचा एक भाग येत होता, म्हणून अक्कांनी ती नळी जराशी वर उचलून वळवून नेली. तेवढ्या उंचवट्याने काय होणार, असं त्यांना वाटलं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, पुन्हा पुन्हा, जवळजवळ स्वतःला बजावत.

तो रविवार होता, दुपारच्या जेवणाच्या आधीची वेळ. मी वर पोळ्या करत होते. गाडीची पुढची चाकं आणि ब्रेक काढलेले, पुढचा भाग लोखंडी घोड्यांवर चढवलेला, हवा गाळणारा डबाही उघडून ठेवलेला. अक्कांना फक्त इंजिन चालू करून ऐकायचं होतं. इंजिन लागल्याचा आवाज आला, मग एक बारीक शीळ, नवी, सुंदर. मी हसले. शीळ चढत गेली. चढतच गेली. मग ती शीळ राहिली नाही, किंकाळी झाली.

मी कठड्याशी धावले. सगळं अंगण पांढऱ्या धुराने भरलं होतं आणि त्यात अक्का उभ्या होत्या, एक हात वर केलेला. त्या हातात गाडीची किल्ली होती. किल्ली बाहेर होती आणि इंजिन किंचाळत होतं. आत कुणीही नव्हतं.

"फळी आण!" अक्का ओरडल्या. "काहीतरी सपाट! कापड नको, गिळेल ते!"

मी पोळपाट घेऊन जिना उतरले. अक्कांनी तो माझ्या हातातून ओढला, हवेच्या नळीच्या उघड्या तोंडाजवळ नेला आणि सोडला. तो हातातून खेचला जाऊन तोंडावर थाडकन बसला. नळी आत चपटी झाली. गाडी घोड्यांवर जोरजोरात हादरली, एकदा, दोनदा, गुदमरल्यासारखी, आणि थांबली.

असली शांतता मी कधी अनुभवली नव्हती. धूर सावकाश वर जात होता. वर माझ्या तव्यावरची पोळी जळल्याचा वास येत होता. मी काहीतरी बोलणार होते, पण अक्कांनी हात वर केला. त्यांनी मान तिरकी केली आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"मशीन," त्या म्हणाल्या.

"बंद झालं ना अक्का. झालं बंद."

"आतलं मशीन गं. ऐकू येत नाहीये."

गल्लीतली वीज गेली होती. वीज गेली की ते यंत्र थोडा वेळ कर्कश शिट्टी वाजवून गप्प होतं, पण त्या किंकाळीत ती कुणाला ऐकू जाणार? समोरच्यांनी नंतर सांगितलं की अक्कांनी गाडी चालू केली त्याच सुमारास त्यांचा टीव्ही बंद पडला होता. म्हणजे तो सगळा वेळ अण्णा प्राणवायूशिवाय होते, आणि त्यात खोलीत धूर.

अक्का माझ्या पुढे धावत आत शिरल्या. खंडूअण्णा पलंगावर ताठ बसले होते. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते नेहमी पुढे वाकलेले असत. ओठ निळे नव्हते. गालांवर चक्क रंग होता. अक्का पलंगामागच्या प्राणवायूच्या सिलिंडरची चावी फिरवत होत्या तेव्हा त्यांनी बहिणीकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार होती.

"बंद का केलीस?" ते म्हणाले. "किती चांगला श्वास येत होता."

आणि मग ते पुढे वाकले, आणि त्यांचे ओठ निळे पडायला लागले.

सिलिंडरने त्यांना सावरलं. घरी येऊन तपासून गेलेले डॉक्टर म्हणाले की या अवस्थेतला माणूस इतक्या वेळात बेशुद्ध व्हायला हवा होता. कधी कधी शरीर असं करतं. ते गेल्यावर अक्का अंगणात आल्या आणि त्यांनी टर्बो खोलला. हवेच्या बाजूने काळं तेल ओघळलं.

"हे बघ," त्या मला म्हणाल्या, वाद घालत असल्यासारख्या. "परतीच्या नळीला उतार नव्हता. तेल तुंबलं, वर चढलं, हवेबरोबर आत गेलं. डिझेल इंजिनाला जळायला काहीही चालतं. ते स्वतःचंच तेल पीत होतं. किल्ली काढून काय होणार? भूतबित काही नाही. माझी चूक आहे." बोटाला लागलेलं तेल त्यांनी बराच वेळ पुसलं. "आत यायला वाट सगळेच करतात गं. बाहेर जायला उतार ठेवावा लागतो. एवढं मला कळायला पाहिजे होतं."

अण्णांना हे पटलं नाही. म्हणजे त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, "असेल," म्हणाले. पण त्या दिवसापासून ते सारखे एकच मागू लागले. "अक्का, परत तशी चालव."

"तशी म्हणजे कशी? ती मरत होती, खंडू. अजून स्वल्प वेळ गेला असता तर फुटली असती."

"मला पुरत होतं," अण्णा म्हणत.

हे भांडण मी वरून ऐकत असे. ते कधी मोठ्याने भांडले नाहीत. अण्णा मागत, अक्का नाही म्हणत, मध्ये यंत्र उसासे टाकत राही. त्या दिवसांत अण्णांनी काढलेल्या चित्रांत गाडी एकटीच असे. चाकं नसलेली, बॉनेट उघडं. नळीचं तोंड ते फार जपून, गडद करून रंगवत.

अक्कांनी सगळं पुन्हा केलं. स्टिअरिंगच्या दुसऱ्या बाजूने नळी नेली, सरळ खाली, कुठेही उंचवटा नाही. हवेच्या वाटेवर एक झडप बसवली. ड्रायव्हरच्या पायाशी तिची कडी. ती ओढली की हवा बंद, इंजिन बंद. मग कित्येक दिवस त्या गाडी नुसती गल्लीबाहेर नेऊन आणत, दर वेळी बंद झालेल्या गाडीपाशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसत. एक दिवस म्हणाल्या, "सरी." ठीक. "उद्या जाऊ."

सकाळी निघालो. अक्का चालवत होत्या, अण्णा शेजारी, मी मागे छोट्या सिलिंडरपाशी. डोंगरावर दाट धुकं होतं. चढ सुरू झाला आणि ती शीळ आली, हलकी, आज्ञेत असल्यासारखी. वळणामागून वळण गाडी चढत होती. जिथे पूर्वी सगळे उतरत, त्या वळणावर अक्कांनी गिअरसुद्धा बदलला नाही.

मी मागून अण्णांचे खांदे बघत होते. अक्का पाय दाबत तशी शीळ चढे आणि खांदे वर येत. पाय सुटे, शीळ उतरे, खांदे खाली. अक्कांनाही ते दिसलं असणार, कारण वरच्या टप्प्यात त्या गाडी फार विचित्र चालवू लागल्या. दाबायचं, सोडायचं. दाबायचं, सोडायचं. सावकाश, एका ठेक्यात. रस्त्याला त्याची गरज नव्हती.

माथ्यावर गाडी उभी केली तेव्हा मला दिसलं की अण्णांच्या नाकातली नळी त्यांच्या मांडीवर पडली होती. ती त्यांनी केव्हा काढली, आम्हाला कळलं नव्हतं. अक्कांनी ती उचलली, पदराने पुसली, परत लावली. इंजिन त्यांनी तसंच मंद चालू ठेवलं. टर्बो तापलेला असताना एकदम बंद करायचा नसतो.

धुक्यात काहीच दिसत नव्हतं. अण्णा समोर बघत हसत होते. "आता कर बंद," शेवटी ते म्हणाले. "पुरे झालं."

अक्कांनी किल्ली फिरवली. इंजिन लगेच थांबलं. त्यांनी किल्ली बाहेर काढली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

श्रावणात एका सकाळी मी ऑफिसला निघाले होते, तर अक्का जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. केस विंचरलेले नव्हते. "आज स्वल्प थांबतीस का?" त्या म्हणाल्या. "खंडूचा श्वास गोड झालाय गं."

मी बॅग पायरीवरच ठेवून त्यांच्या मागे गेले. आत अण्णा झोपले होते. श्वासातली ती नेहमीची घरघर नव्हती. लहान मुलासारखा मऊ, सरळ श्वास येत होता. हॉस्पिटलमध्ये न्यायचं नाही असं त्यांनी आधीच बहिणीकडून कबूल करून घेतलं होतं. अक्कांनी यावेळी स्क्रू-ड्रायव्हर घेतला नाही. उजवा कान भावाच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. मी खिडकीशी उभी राहिले. जेवणाच्या वेळेपर्यंत त्या तशाच होत्या. मग त्यांनी डोकं वर उचललं आणि हात लांब करून यंत्राचं बटण बंद केलं.

नंतर मी फार दिवस तिथे राहू शकले नाही. फरशीतून काहीच येत नसे, आणि रात्रभर मला माझा ठेका सापडत नसे. ऑफिसजवळ घर बघितलं. निघताना अक्कांनी मला अण्णांचं एक चित्र दिलं, धुक्यातल्या वळणाचं. "ये गं अधूनमधून," म्हणाल्या. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा कुलूप होतं आणि गाडीही नव्हती. समोरचे म्हणाले, त्या रोज बाहेर जातात, कुठे ते माहीत नाही.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या, हेब्बाळच्या पुलाखाली. सकाळची वेळ, गाड्या जागच्या जागी थिजलेल्या. माझ्या पुढची टॅक्सी सरकेना म्हणून मी स्कूटरवर वैतागले होते, आणि डावीकडे बघते तर ती चौकोनी गाडी. दोन्ही काचा खाली. अक्का स्टिअरिंगवर, शांत, केस नीट विंचरलेले, अंगावर धुतलेली सुती साडी. मला इतका आनंद झाला की मी हाक मारण्यासाठी तोंड उघडलं.

शेजारची सीट रिकामी होती. पण बेल्ट लावलेला होता. तो सीटच्या पाठीला टेकलेला नव्हता. चांगला वीतभर पुढे, तिरका, ताणलेला उभा होता. इंजिनाच्या थरथरीने हलत असेल म्हणून मी नीट पाहिलं. थरथर बारीक असते. हा सावकाश पुढे येत होता, क्षणभर थांबत होता, आणि मागे जात होता.

अक्कांनी मान वळवली. मला ओळखलं. गालावरच्या रेषा उन्हात चमकल्या, त्या हसल्या, आणि खिडकीकडे जरा झुकून अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "झोपलाय गं. हॉर्न वाजवू नको."

माझा अंगठा हॉर्नवरच होता. मी तो काढून घेतला.